वेल्डर व्हायचंय? आधी आपलाच जोड तोडायला शिका

वेल्डिंग शिकायचं मनात असेल तर आयटीआयचा फॉर्म भरण्याआधी मे महिन्यातली एक दुपार फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काढा. भांडुपला एलबीएस रोडच्या आतल्या गल्ल्यांत, साकीनाक्याला, रे रोडच्या दारूखान्यात, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये अशा शेड हव्या तेवढ्या आहेत. वर तापलेला पत्रा, अंगात जाड सुती शर्ट, त्यावर चामड्याचा एप्रन, हातात मोजे, डोक्यावर हेल्मेट. मालकाला नीट विचारलंत तर सहसा नाही म्हणणार नाही. वेल्डिंगची एक काळी काच मागून घ्या आणि कारागिराच्या बाजूला उभं राहून काम बघा. काचेतून वितळलेल्या लोखंडाचा एक छोटा झगझगीत गोळा पुढे पुढे सरकताना दिसेल. दोन तासांनीही त्याच्यावरून नजर काढवत नसेल तर या धंद्यात या. नुसत्या ठिणग्या आवडल्या असतील तर अजून थोडा विचार करा.

मी दारूखान्यात मामाच्या ग्रिलच्या शेडवर हेल्पर म्हणून लागलो. मग आयटीआय केलं, अप्रेंटिसशिप केली, बरीच वर्षं माहुलच्या रिफायनऱ्यांत शटडाऊनला, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा, पाइप जोडले, आणि आता भांडुपला एका वर्कशॉपमध्ये पोरांना शिकवतो. हात चांगला असलेली पोरं पुष्कळ बघितली. त्यांच्यातली पुढे तीच गेली, ज्यांना आपला जोड तोडून आत काय झालंय ते बघायची सवय लागली. बाकीचे वर्षानुवर्षं जोड मारतात, वरून छान दिसतो म्हणून खूश होतात आणि टेस्टला आले की अडतात.

कुठल्या दाराने आत शिरायचं

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे आणि त्याला आठवी पास चालतं. तरी माझं ऐका, दहावी पुरी करा. परळ, माटुंगा, लोअर परळ, महालक्ष्मी इथे रेल्वेची वर्कशॉप आहेत. तिथे अप्रेंटिसचा अर्ज भरताना आयटीआयच्या प्रमाणपत्रासोबत दहावीचे ५० टक्के गुण मागतात. पुढे आखाती देशांत जायचं ठरलं तर दहावी नसलेल्याला परदेशी नोकरीला निघण्याआधी सरकारी परवानगीचा वेगळा सोपस्कार करावा लागतो. एका परीक्षेसाठी ही दारं बंद करून घेऊ नका. नापास झाला असाल तर आयटीआय करता करता परत बसा.

प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडून ऑनलाइन होतो. दहावीचा निकाल लागायच्या सुमारास त्यांच्या साइटवर रोज नजर ठेवा. मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, लागू असेल तर जातीचा दाखला, हे सगळं आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवा, कारण दाखल्यासाठी धावपळ करताना तारीख निघून गेलेली पोरं दरवर्षी माझ्याकडे येतात. मुंबईत कुर्ला, मुलुंड, मुंबई-११ अशा सरकारी आयटीआय आहेत. वेल्डरच्या जागा कुठे किती, ते त्या वर्षीच्या यादीत बघा आणि मग पसंतीक्रम भरा.

खासगी संस्थेत जाणार असाल तर फी भरण्याआधी तिथल्या वर्कशॉपमध्ये शिरा आणि एकच प्रश्न विचारा: एका मुलाला आठवड्याला किती रॉड, म्हणजे वितळून जोडात भरणाऱ्या धातूच्या कांड्या, जाळायला मिळतात? उत्तर देताना माणूस चाचपडला तर चपला घाला आणि निघा. वेल्डिंग फळ्यावर शिकता येत नाही. भिंतीवर चार्ट आहेत, मशीन नवी कोरी चकचकीत आहे, पण बूथमध्ये जळक्या रॉडची थुटकं पडलेली नाहीत, अशा जागी पैसे फुकट जातात. कोपऱ्यात तुटलेल्या, वाकवलेल्या पट्ट्यांचा ढीग दिसला तर समजा की इथे कोणीतरी मन लावून शिकवतंय.

आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप टाळू नका. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ती मिळते, विद्यावेतन मिळतं आणि शेवटी वेगळं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवा. माझगाव डॉकच्या जाहिरातीत आठवी पास, दहावी पास आणि आयटीआय पास असे वेगवेगळे गट असतात, ते नीट वाचा, चुकीच्या गटात अर्ज करू नका. नौदलाची गोदीही अप्रेंटिस घेते. गोदीत शिकण्याचा मोठा फायदा असा की जहाज काही तुमच्या सोयीसाठी उलटं करून मिळत नाही. जोड डोक्यावर असेल तर डोक्यावर मारायचा, दोन पत्र्यांच्या बेचक्यात असेल तर अंग चोरून आत शिरायचं. माझगावला १७७४ साली एका सुक्या गोदीपासून जे काम सुरू झालं ते आज विनाशिका आणि पाणबुड्या बांधण्यापर्यंत आलंय. अशा जागी एक वर्ष काढलेल्या पोराची ओव्हरहेडची, म्हणजे डोक्यावरच्या जोडाची, भीती कायमची जाते.

आणि ज्यांना घरच्या परिस्थितीमुळे लगेच कमवायचंय त्यांनी हेल्पर म्हणून लागायला अजिबात लाजू नये. मी तसाच लागलो. फक्त मालकाशी पहिल्याच दिवशी बोलून घ्या: सुट्टी झाल्यावर अर्धा तास भंगारातल्या तुकड्यांवर हात चालवायला मिळाला पाहिजे. बरेच जण हो म्हणतात. हे बोललंच नाही तर दोन वर्षं नुसतं सामान उचलण्यात आणि ग्राइंडर मारण्यात जातील. ग्राइंडर मात्र मनापासून शिका. चांगल्या वेल्डरचा निम्मा जोड ग्राइंडरने तयार झालेला असतो.

मुलींच्या आईवडिलांना एवढंच सांगतो: आज आमच्याकडे टिगचा, म्हणजे आर्गन गॅसच्या कवचात जोड मारायच्या पद्धतीचा, सगळ्यात स्थिर हात कांजूरमार्गच्या एका मुलीचा आहे. टिगमध्ये ताकद लागत नाही, सबुरी लागते. वर्कशॉपमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, घरी परतायची वेळ काय, हे जरूर विचारा. कामाबद्दल शंका घेऊ नका.

सामान

मस्जिद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला हत्यारांची दुकानं आहेत. तिथे एका फेरीत सगळं मिळतं. हातात धरायची ढाल घेऊ नका, डोक्यावर बसणारं हेल्मेट घ्या, म्हणजे दुसरा हात मोकळा राहतो आणि कोपर टेकवता येतं. आर्कसाठी, म्हणजे विजेच्या झोताने करायच्या वेल्डिंगसाठी, काच १० किंवा ११ नंबरची. आपोआप काळी होणारी काच सोयीची खरी, पण स्वस्तातली अनोळखी घेऊ नका. तिच्यावर आयएसओ किंवा एएनएसआय मानकाचा शिक्का नसेल तर जुनी साधी काळी काच बरी. चामड्याचे लांब मोजे, चामड्याचा एप्रन, लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज, चिपिंग हॅमर, वायर ब्रश, ग्राइंडिंगसाठी पांढरा चष्मा. कपडे सुतीच. पॉलिस्टरच्या शर्टावर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. पँटचा काठ बुटाच्या आत खोचू नका, वर सोडा, नाहीतर ठिणगी थेट बुटात जाते. हे सगळं एकदम परवडत नसेल तर आधी काच, बूट आणि मोजे, या क्रमाने घ्या.

हात बसवणं

सुरुवात आर्क वेल्डिंगनेच करा, म्हणजे होल्डर आणि रॉड. सीओटूची गन, म्हणजे जिच्यातून तार आपोआप पुढे येते आणि सीओटू गॅस जोडाला झाकतो ती, हातात धरली की पहिल्या दिवशी बरा दिसणारा जोड येतो आणि पोरांना वाटतं आपण शिकलो. आर्कमध्ये रॉड जळत जळत लहान होतो, हाताला सतत खाली यावं लागतं, कोन सांभाळावा लागतो, त्यामुळे एकाच वेळी सगळं शिकणं होतं.

१० मिलिमीटरची पट्टी घ्या, ३.१५ मिलिमीटरचा, ६०१३ जातीचा रॉड लावा, करंट शंभर ते एकशेवीस अँपिअरच्या आसपास ठेवा. पट्टी ब्रशने, गरज पडली तर ग्राइंडरने चकचकीत करा. रॉड काडी ओढल्यासारखा ओढा आणि आर्क पेटला की पट्टीपासून साधारण रॉडच्या जाडीएवढ्या अंतरावर धरा. रॉड चिकटला तर घाबरून ओढत बसू नका, मनगटाला हिसका देऊन सोडवा. नाही सुटला तर होल्डरमधून मोकळा करा.

आता खरी गोष्ट. आर्कचा उजेड बघायचा नाही, त्याच्या मागचं पाणी बघायचं. माझे उस्ताद गोरखपूरचे होते, आणि दिवसभर त्यांची एकच ओरड असायची, "पानी देख, पानी!" हे पाणी म्हणजे वितळलेला धातू. त्याच्यावर स्लॅगची, म्हणजे रॉडवरच्या लेपाच्या वितळलेल्या मळीची, मळकट साय सरकत असते, आणि सुरुवातीला पाणी कुठलं आणि स्लॅग कुठला तेच कळत नाही. नजर बसायला काही दिवस जातात. एकदा दिसायला लागलं की मग पाण्याची रुंदी रॉडच्या जाडीच्या दुप्पट-अडीचपट राहील अशा वेगाने पुढे जायचं. पाणी अरुंद झालं तर तुम्ही पळताय. पसरून पुढे यायला लागलं तर रेंगाळताय, आणि स्लॅग आत अडकणार. कानही उघडे ठेवा. सगळं जुळलेलं असलं की कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. फटफट आवाज आला तर आर्क लांब झालाय.

खांदे उचलून, श्वास रोखून वेल्डिंग करणारं पोर दुरूनही ओळखू येतं. कोपर कुठेतरी टेकवा, गुडघ्यावर, टेबलावर, भिंतीला, जे असेल त्याला. केबल खांद्यावरून घ्या म्हणजे तिचं वजन मनगटावर येत नाही. आर्क पेटवण्याआधी जोडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात एकदा रिकामा फिरवून बघा. मध्ये अवघडत असेल तर उभं राहण्याची जागा बदला.

क्रम असा ठेवा. आधी सपाट पट्टीवर सरळ बीड, म्हणजे वेल्डच्या ओळी, एकाला चिकटून एक, पूर्ण पट्टी भरेपर्यंत. मग दोन पट्ट्यांचा टी, म्हणजे फिलेट. मग खालून वर चढणारा उभा जोड. मग डोक्यावरचा. सगळ्यात शेवटी व्ही-ग्रूव्ह, म्हणजे कडा तिरक्या कापून केलेल्या खाचेतला जोड, रूटसकट, म्हणजे तळाच्या पहिल्या थरासकट. उभ्या जोडाला करंट दहा-पंधरा टक्के कमी करा आणि दोन्ही कडांना क्षणभर थांबून मधून पटकन निघा. मध्ये थांबलात तर पोट सुटतं, कडांना थांबला नाहीत तर अंडरकट, म्हणजे कडेला खाच, पडतो. पोरांचा ओढा लवकरात लवकर पाइपकडे जायचा असतो, पण ज्याचा उभा फिलेट गचाळ आहे त्याला मी पाइपला हात लावू देत नाही.

जोड तोडा

टी-जोड फक्त एका बाजूने वेल्ड करा. थंड झाला की व्हाइसमध्ये पकडा आणि उभी पट्टी वेल्डच्या अंगावर घणाने पाडा. जोड मध्यातून उघडेल. आत कोपऱ्यापर्यंत धातू वितळलेला दिसला, तुटलेला भाग सगळीकडे एकसारखा करडा दिसला, तर छान. कोपऱ्यात पट्टीची मूळ कापलेली कड जशीच्या तशी चकाकत असेल तर वेल्ड नुसता वर बसला होता. करंट कमी होता, किंवा रॉडचा कोन एका पट्टीकडे झुकला होता, किंवा तुम्ही पाण्याच्या मागे राहिलात. काळसर काचेसारखी रेघ दिसली तर स्लॅग राहिला, मागची बीड नीट साफ केली नव्हती. किडीने खाल्ल्यासारखी भोकं असतील तर ओल, गंज, रंग किंवा तेल.

ग्रूव्हचा जोड असेल तर वरची उंची ग्राइंड करून सपाट करा आणि आडव्या पट्ट्या कापा. एक पट्टी रूट बाहेर येईल अशी वाकवा, दुसरी फेस, म्हणजे वेल्डची वरची बाजू, बाहेर येईल अशी. वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक जॅकचा साधा साचा असतो, त्यात १० मिलिमीटरच्या पट्टीला ४० मिलिमीटर व्यासाच्या गोलाभोवती पूर्ण यू आकार द्यायचा. ताणलेल्या बाजूला ३ मिलिमीटरपेक्षा मोठी चीर उघडली तर नापास. मोठ्या कंपन्यांच्या टेस्टमध्येही निकष हाच असतो. म्हणजे टेस्टला जे होणार ते तुम्ही शंभर वेळा आधीच करून बघितलेलं असेल.

तोडण्याआधी प्रत्येक तुकड्यावर खडूने लिहा: रॉड, करंट, पोझिशन, तारीख. तोडल्यावर काय दिसलं ते वहीत टिपा. पोरं म्हणतात, सर, लक्षात राहतं. नाही राहत. महिन्याभराने वही उघडली की दिसतं, उभ्या जोडात आपला दोष नेहमी सुरुवातीच्या दोन सेंटिमीटरमध्येच येतो, किंवा रॉड बदलल्यावर जिथून परत चालू करतो तिथेच भोक पडतं. मग फक्त तेवढ्याचा सराव करायचा. रॉड बदलताना क्रेटर, म्हणजे बीडच्या टोकाला राहिलेला खड्डा, साफ करा, थोडं पुढे आर्क पेटवा, मागे क्रेटरवर आणा, तो भरला की पुढे निघा. ही एक हालचाल नीट बसली की निम्मे दोष जातात.

मामाच्या शेडमधली ग्रिलं तोडून बघायची कोणाला गरज वाटली नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. पण गॅलरीच्या कठड्याला लहान मूल टेकतं. माझगावला, माहुलला, मेट्रोच्या गर्डरवर, अटल सेतूच्या पोलादी डेकवर जे जोड आहेत त्यांच्यावर रोज माणसं विसंबतात आणि त्यांच्या आत काय आहे ते डोळ्यांना कधीच दिसत नाही. शिकतानाच आत बघायची सवय लावून घ्या.

मुंबईचा पावसाळा

हे पुस्तकात फारसं सापडत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथली हवा अशी दमट असते की उघड्यावर ठेवलेला रॉड ओल धरतोच. ६०१३चं फार बिघडत नाही, आर्क थोडा तडतडतो. ७०१८चं मात्र बिघडतं. तो कमी हायड्रोजनचा रॉड आहे आणि त्याचं सगळं महत्त्व कोरडेपणात आहे. ओलीतला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि जाड किंवा कडक पोलादात जोड थंड झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, वेल्डच्या शेजारी चीर पाडतो. संध्याकाळी तपासला तेव्हा ठीक होता, सकाळी चीर, असं होतं ते यामुळे.

म्हणून ७०१८ पाकिटातून काढला की उत्पादकाने छापलेल्या तापमानाला, साधारण ३०० ते ३५० अंशांवर, तास-दोन तास ओव्हनमध्ये भाजायचा आणि मग होल्डिंग ओव्हनमध्ये शंभराच्या वर गरम ठेवायचा. कामावर नेताना छोटा गरम क्वीव्हर, म्हणजे रॉड ठेवायचा डबा, सोबत असतो, त्यातून लागेल तसा एकेक काढायचा. टेबलावर मूठभर रॉड पसरून ठेवणारा वेल्डर चांगल्या साइटवर टिकत नाही. पट्टीवरही रात्रीतून ओल धरते. जोडाच्या दोन्ही बाजू टॉर्चने हलक्या गरम करून कोरड्या करा आणि मगच सुरू करा. सीओटू आणि टिगला वारा नडतो. पावसाळ्यात शटर अर्धं उघडं असेल तर गॅसचं कवच उडून जातं आणि बीडमध्ये भोकं पडतात. ताडपत्रीचा आडोसा करा.

शॉकचा धोकाही याच दिवसांत जास्त. आर्क चालू नसताना मशीनच्या टोकांवर साठ-ऐंशी व्होल्ट असतात. कोरड्या माणसाला ते सहसा फारसे जाणवत नाहीत, घामाने भिजलेल्याला मारू शकतात. मोजे भिजले की बदला, दोन जोड ठेवा. पायाखाली कोरडं प्लायवूड घ्या. रॉड उघड्या हाताने बदलू नका, होल्डर काखेत धरू नका. केबलला चीर पडली असेल तर टेप गुंडाळून दिवस काढू नका, तुकडा कापा आणि नवीन जोडणी करा. अर्थचा क्लॅम्प जॉबलाच, जोडाच्या जवळ लावा. इमारतीच्या सळईला किंवा पाइपलाइनला लावून करंट भलतीकडून फिरवू नका.

डोळे आणि छाती

आर्कच्या प्रकाशाने डोळे लागतात ते लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुतेक वेळा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि पाणी थांबत नाही. बटाट्याच्या चकत्या, दूध, गुलाबपाणी यांनी काही बरं होत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, मनाने थेंब घालू नका. आर्क पेटवण्याआधी मोठ्याने ओरडून शेजारच्याला सावध करणं हीसुद्धा तुमचीच जबाबदारी आहे.

धुराचं मी कळकळीने सांगतो, कारण माझ्या पिढीने ते हसण्यावारी नेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियमचं विषारी रूप असतं. गॅल्व्हनाइज्ड पाइपवर वेल्डिंग केलं की जस्ताच्या धुराने त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. दूध प्यायल्याने तो टळत नाही. जोडाजवळचा जस्ताचा थर आधी ग्राइंड करून काढा, तेही मास्क लावून. तोंडाला रुमाल बांधून धूर गाळला जात नाही, धुरासाठीचा खरा मास्क वापरा आणि डोकं धुराच्या लोटात नेऊ नका. टाकीत किंवा जहाजाच्या बंद कप्प्यात उतरताना बाहेर एक माणूस आणि आत हवेचा झोत असल्याशिवाय उतरू नका. आर्गन हवेपेक्षा जड असतो, तळाशी साठतो, त्याला वास नाही, आणि माणूस खाली बसला की उठत नाही. फोरमन घाई करत असेल तरी थांबा.

गॅस कटिंगचं थोडक्यात: ऑक्सिजनचा बाटला काळा, ॲसिटिलीनचा मरून. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल, ग्रीस कधीही लावायचं नाही. ॲसिटिलीन उभाच ठेवायचा. दोन्ही साखळीने बांधायचे, आणि फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्वाळा उलटी नळीत शिरू न देणारं उपकरण, नसलेला सेट पेटवायचा नाही.

पुढची पायरी आणि टेस्ट

आर्क बसला की सीओटू शिका. एमआयडीसीतल्या शेडमध्ये तेच काम सगळ्यात जास्त आहे. त्यानंतर टिग, ज्याला आपल्याकडे सगळे आर्गन म्हणतात. रबाळे-तळोज्याच्या औषध आणि अन्नप्रक्रिया कारखान्यांतली स्टेनलेसची पाइपिंग, रिफायनरीतले रूट पास, सगळीकडे टिगच लागतो. मजुरी कशी वाढते तर अशी: ग्रिलवाल्यापेक्षा पोझिशनमध्ये प्लेट मारणाऱ्याला जास्त, त्याच्यापेक्षा पाइपवाल्याला, आणि टिगने रूट घालून वर आर्कने भरणाऱ्याला सगळ्यात जास्त.

पोझिशनची नावं पाठ करा. १जी सपाट, २जी आडवा, ३जी उभा, ४जी डोक्यावर. पाइप जागेवर आडवा बांधलेला असेल तर ५जी, पंचेचाळीस अंशांत तिरका असेल तर ६जी. ६जीमध्ये एकाच जोडात सगळ्या पोझिशन येतात, म्हणून त्याला मान आहे. पण 'माझ्याकडे ६जी आहे' एवढं पुरत नाही. एएसएमई या अमेरिकन संस्थेच्या संहितेतल्या सेक्शन ९खालचं प्रमाणपत्र हे ठरावीक पद्धतीचं, ठरावीक रॉड-गटाचं, ठरावीक जाडी आणि व्यासाच्या मर्यादेचं असतं. आर्कने पास झालेल्याला टिगचं काम मिळत नाही. आणि ती पद्धत सलग सहा महिने वापरलीच नाही तर पात्रता संपते. म्हणून प्रत्येक साइट सोडताना तिथल्या इंजिनिअरकडून तुम्ही कुठली पद्धत कधीपर्यंत वापरली याचं पत्र घ्या. बॉयलरच्या कामाला राज्याच्या बाष्पके संचालनालयाची वेगळी परीक्षा द्यावी लागते. तो कागद ज्याच्याकडे आहे त्याला शटडाऊनला बोलावणं येतंच.

पंधरा दिवसांत ६जीचं सर्टिफिकेट देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा. कागद मिळेल, पण कंपनी गेटवर परत पाइप बांधून देईल आणि तेव्हा हातच बोलेल. परदेशाचं बोलणं करणारा एजंट असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा नोंदणी क्रमांक तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. पावती मागा. पासपोर्ट कोणाच्या ताब्यात बेमुदत ठेवू नका.

टेस्टच्या दिवशी आपलं हेल्मेट, आपले मोजे आणि नवी पांढरी कव्हर काच घेऊन जा. उधारीच्या काचेतून पाणी नीट दिसत नाही. वेल्डिंग प्रोसीजरचा कागद मागून वाचा: रूट गॅप किती, रॉड कुठला, करंटची मर्यादा काय, रूटनंतर ग्राइंडिंगला परवानगी आहे का. टॅक, म्हणजे पाइप जागेवर धरणारे छोटे टाके, मारल्यावर त्यांची टोकं ग्राइंडरने निमुळती करा, म्हणजे रूट त्यात मिसळून जाईल. तुकड्यावर एक मिनिट करंट जुळवून बघायला मागा, कोणी नाकारत नाही. कॅपिंग, म्हणजे सगळ्यात वरचा थर, झाल्यावर ते सुंदर दिसावं म्हणून ग्राइंडर फिरवू नका, बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावरच जोड बाद करतात.

आणि जोडाचा एक्स-रे काढला असेल तर पास झाल्यावरही फिल्म बघायला मागा. इन्स्पेक्टर बहुधा दाखवतो, विचारणारा वेल्डर त्यालाही आवडतो. काळे गोल ठिपके म्हणजे गॅसची भोकं, लांबट काळी रेघ म्हणजे स्लॅग किंवा न मिळालेली कड, पांढरा ठिपका म्हणजे टिगच्या टंगस्टनच्या सुईचा कण तुटून आत गेलाय. मर्यादेत बसले म्हणून पास झाले असले तरी ते घड्याळाच्या कुठल्या आकड्याशी आहेत ते वहीत लिहून घ्या. बहुतेकांचे सहाच्या आसपास, पाइपच्या पोटाखाली सापडतात. पुढच्या आठवड्यात भंगारातून पाइपचा तुकडा आणा आणि तेवढाच भाग परत मारा.